उंबऱ्यावरचे ओले बूट

ती घटना आठवली की आजही डोळ्यांसमोर आधी ते बूट येतात.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. करमाडजवळच्या गावातला एक व्यावसायिक फुटबॉलपटू सुट्टीवर घरी आला होता. एका संध्याकाळी चपला घालून बाहेर पडला तो परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन आला, "पोरगं आमच्याकडं हाय. त्याच्या खात्यातले बारा कोटी काढून घेतो अन् सोडतो. तुमी काय करू नका."

बारा कोटींचा आकडा अख्ख्या गावाला पाठ होता. एका वेबसाइटवर त्याची कारकीर्द, गोल आणि 'अंदाजे संपत्ती' दिलेली होती. अपहरणाचा गुन्हा दाखल केला, पण मला चैन पडेना. घरच्यांकडे छदामही न मागणारा अपहरणकर्ता मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळीच जबाब घ्यायला गेलो. त्याच्या आईने मला बाजूला बोलावलं.

"साहेब, त्याचे खेळायचे बूट मी रोज सांजच्याला धुऊन, चुलीपाशी सुकवून उंबऱ्यापाशी ठिवते. सवयच हाय. सकाळी बघावं तर वल्ले अन् मातीनं भरल्याले. त्याचं काय बरंवाईट झालं, अन् त्यो असा येतोय का वं?"

मी भुताखेतांना मानत नाही. तरी बुटात हात घालताना थबकलो, हे कबूल करतो. आतून बूट अजून उबदार होता.

मग उलटे करून पाहिले. उजव्याचा तळ मातीने माखलेला. डाव्याची टाच कोरडी, टोक मात्र घासून पांढरं पडलेलं. मेलेला माणूस लंगडत नाही.

"त्याचा डावा पाय धड होता का?" मी विचारलं.

"नसायला काय झालं? दमलोय म्हणून खाटंवरच पडून असायचा, यवढंच."

दुपारी, मी पाठवलेल्या हवालदाराने औषधाच्या दुकानातून खबर आणली. खेळाडूचा बालमित्र गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन गेला होता. त्याला ठाण्यात बसवलं. तासभर "मला काय म्हाईत न्हाय"वर अडून राहिला. शेवटी मी बूट टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "याची माय याला मेला समजून बसलीय." गडी बोलायला लागला. फोन त्यानेच केला होता.

शाळेच्या मैदानामागच्या बंद खोलीत खेळाडू सापडला. गुडघा कायमचा गेलेला, क्लबने करार संपवलेला, होतं ते उपचारांत गेलेलं. गाव मात्र बारा कोटींवर नजर लावून बसलं होतं. नसलेले पैसे लुटले गेले असं गावाला दाखवायचा त्याचा बेत होता.

"मग पहाटे बूट कशाला न्यायचास?"

"मैदान दिसतंय ना खिडकीतून. ऱ्हावत न्हाय, साहेब."

ठाण्यात अर्धा तास मी त्याला खाती, करार, व्यवहार विचारत होतो. तो कोरड्या डोळ्यांनी उत्तरं देत होता. तेवढ्यात वडील आले. कुणाकडे न बघता ते पोरासमोर खाली बसले, पायजमा वर सारला आणि सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लई दुखतंय का रं?"

तो हंबरडा फोडून रडला.

नोकरीभर चौकशा केल्या, त्याचा मला अभिमान होता. पण त्या अर्ध्या तासात हा एक प्रश्न मला सुचला नव्हता, याची लाज मला आजही वाटते.