पहिल्या बेसवरचा नमस्कार

मी राज्याच्या संघाकडून बेसबॉल खेळले आहे. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत टाकते आणि मग दोन घास मुद्दाम शांतपणे खाते. समोरच्याला प्रश्न विचारायला वेळ द्यावा लागतो. "किती मॅच?" असं कुणीतरी विचारतंच. एक. "पूर्ण?" नाही हो, दोन बॅटर. पण काय दोन बॅटर होत्या महाराजा!

तेव्हा मी नाशकात कॉलेजला होते. घर इगतपुरीला, वडील रेल्वेत. कॉलेजात मुलींचा क्रिकेटचा संघ नव्हता, बेसबॉलचा होता. पिचर म्हणजे क्रिकेटमधला बोलर समजा, फक्त धावत यायचं नाही आणि टप्पा टाकायचा नाही. माझा हात वेगवान होता, म्हणून राज्याच्या संघात निवड झाली. चौथी पिचर म्हणून! चौथी पिचर म्हणजे राखीव करवली. नटायचं सगळं, बोलावणार कुणी नाही.

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा नाशकातच होती. उपांत्य सामन्यात समोर पंजाब. आमच्या पहिल्या पिचरला ताप, दुसरीचं बोट सुजलेलं, आणि तिसरी शेवटच्या डावापर्यंत खेचत आली नि खांदा धरून मटकन खाली बसली. आमच्या कोच सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकावर मी होते आणि पाण्याचा जार होता. सरांनी क्षणभर दोघांचाही विचार केला असावा.

"ऐक," ते म्हणाले. "आपण एका रनने पुढे आहोत. त्यांची एक आउट झालीय, अजून दोन हव्यात. तिसऱ्या बेसवर त्यांची मुलगी उभी आहे, ती होमला पोचली की त्यांचा रन, म्हणून पोचता कामा नये. हे जमवलंस तर उद्या फायनलची सुरुवात तू करायची."

फायनल! माझे कान गरम झाले. बाहेर प्रेक्षकांत इगतपुरीहून आलेली आई बसली होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी मैदानात उतरले तशी ती उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

पहिली बॅटर सहा फुटी होती. माझा तिसरा बॉल तिने जमिनीलगत मारला, पहिल्या बेसच्या बाजूला. तिथली आमची मुलगी बॉल अडवायला बेस सोडून पुढे गेली. अशा वेळी रिकाम्या बेसवर पिचरने धावायचं, हे सरांनी आमच्याकडून शंभरदा घोटून घेतलेलं. मी धावले. तिने फेकलेला बॉल माझ्या ग्लव्हमध्ये, बॅटर पोचायच्या आत माझा डावा पाय बेसवर, आणि बॅटर आउट! माझी आउट! राज्याकडून!

तेवढ्यात माझा उजवा पाय धावत आलेल्या त्या बॅटरच्या पायावर पडला. खिळ्यांच्या बुटासकट.

आमच्या घरात कुणाला पाय लागला की वाकायचं, त्याला हात लावायचा आणि तो आपल्या छातीशी न्यायचा. पाहुण्याला, धाकट्या भावाला, वहीला, केरसुणीलासुद्धा. विचार डोक्यात यायच्या आत हात गेलेला असतो. तसा तो गेला. बेस सोडून मी त्या सहा फुटी मुलीच्या बुटापर्यंत वाकले, बुटाला हात लावला, हात छातीशी नेला. खेळ चालूच होता. माझ्या वाकलेल्या पाठीवरून ती तिसऱ्या बेसवरच्या मैत्रिणीला ओरडली, "भाग!"

मी उभी राहून बॉल फेकेपर्यंत ती मैत्रीण होमवर पोचून नाचत होती. बरोबरी.

सर तरातरा मैदानात आले. "काय चाललं होतं तिथे?"

"सर, पाय लागला."

"कुणाला?"

"तिला."

"मग लागू दे की! ती काय तुझी आत्या आहे?"

मुखवटा वर करून आमची कॅचर, म्हणजे विकेटकीपर समजा, म्हणाली, "सर, आता पुढचीची ओटी भरायला सांगा."

मी रडायच्या बेतात होते, पण हसू फुटलं. सरांनी मला काढलं नाही, कारण काढून आणणार कुणाला? पाण्याच्या जाराला? दुसऱ्या बॅटरला मी जे तीन बॉल टाकले, ते आजही माझ्या मनगटात आहेत. पहिला तिने नुसता पाहिला. दुसऱ्यावर बॅट फिरवली, हवा लागली. तिसरा कॅचरच्या ग्लव्हमध्ये असा धाडकन वाजला की पंचांनी हात वर करायच्या आधीच मी उड्या मारायला लागले होते. तीन बॉल हुकले की बॅटर आउट; त्यांचा डाव संपला. मग आमची बॅटिंग आली, आमच्या कॅचरने बॉल पार झाडांपर्यंत मारला आणि आम्ही जिंकलो!

धूळ, किंकाळ्या, मिठ्या! त्यात आई वाट काढत आली. सर म्हणाले, "मावशी, तुमच्या मुलीच्या नमस्कारापायी एक रन गेला."

"एकच ना?" आई म्हणाली. "मंग बाकीच्या पोरी कशाला हायेत? आणि पाय लागल्यावर वाकायचं नाय तर काय लाथ मारायची?"

सर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या फायनलमध्ये पाय लागला तर?"

'नाही वाकणार' म्हटलं की फायनल माझी. आई शेजारीच उभी होती, पण खरं सांगते, मी तिला घाबरले नाही. मी मनातल्या मनात पाय लावून पाहिला, आणि मनातसुद्धा हात खाली गेलाच.

"आधी खेळ थांबवायला पंचांकडे टाइम मागेन, सर. मग वाकेन."

"टाइम मिळेपर्यंत थांबशील?"

मी खूप विचार केला. म्हणजे दोन सेकंद.

"माझ्याने नाही थांबवणार, सर."

"मग उद्या बाकावर," सर म्हणाले, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पिचरने सुजल्या बोटाने सुरुवात केली. मी बाकावरून इतकी ओरडले की आठवडाभर आवाज नव्हता.