लाल खूण

आमच्या सोसायटीतल्या मुलांना कचरा वेगळा करायला शिकवलं, आणि चांगलंच शिकवलं. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करायची, म्हणजे कचरा उचलणाऱ्या बायकांना ते उघडावं लागत नाही. मग मुलांच्या गळ्यात शिट्ट्या अडकवून त्यांना दारोदार तपासायला पाठवलं.

काल समोरच्या दारात शिट्टी वाजली. "काकू, यात डायपर आहे आणि लाल खूणच नाही!" दुसरीतली एक चिमुरडी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडली. "पण तुमच्याकडे तर बाळच नाही!"

काकूंनी तिच्या हातून पुडकं ओढून घेतलं. आत त्यांचे सासरे, आप्पा, तोंडासमोर पेपर धरून बसले होते. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

सगळं एकाच बादलीत जायचं तेव्हा घाण होती, मान्य. पण त्या घाणीत घराची लाजही झाकली जायची. पोरांचं काय चुकलं? काय बघायचं ते आम्ही शिकवलं. बघून न बघितल्यासारखं कधी करायचं, हे शिकवायला कोणाला बोलावणार?

आज पुडक्यावर भलामोठा लाल गोळा होता, वेडावाकडा. काकूंचा हात काही थरथरत नाही.

"शाब्बास काकू!" चिमुरडी म्हणाली, आणि दारावर, आप्पांच्या नावाच्या पाटीखाली, 'आदर्श घर' असा स्टिकर चिकटवून पुढच्या दाराकडे पळाली.