शिक्का न मारलेलं तिकीट

प्लांटच्या गेटवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आत गॅस असतो, म्हणून फोन न्यायला बंदी आहे, आणि कतारमध्ये मेसईदला आल्यापासून मी ती बिनतक्रार पाळत आलो होतो. त्या आठवड्यात मात्र काहीतरी निमित्त काढून मी सारखा गेटवर येत होतो. कधी हेल्मेटचा पट्टा सैल झाला म्हणून, कधी पाणी प्यायला म्हणून. लॉकर उघडायचा, फोनवर नकाशा लावायचा आणि प्रागमध्ये निळा ठिपका कुठे आहे ते बघायचं. तो ठिपका म्हणजे माझी बायको. गेटवरच्या नेपाळी सुरक्षारक्षकाने शेवटी विचारलं, "साब, घर में सब ठीक?"

सगळं ठीकच होतं. त्याचाच मला त्रास होत होता.

प्रागची सहल आम्ही दोघांनी ठरवली होती. मुलगा पुण्याला कॉलेजात गेल्यापासून कंपनीच्या घरात संध्याकाळ सरता सरत नव्हती. टूरवाल्यांबरोबर जायचं नाही, हॉस्टेलमध्ये राहायचं, पायी आणि ट्रामने हिंडायचं, ही कल्पना तिची. तयारी माझी. जेवण झालं की मी तिथे फिरून आलेल्यांचे व्हिडिओ बघत बसायचो. कुठल्या पुलावर सकाळी गर्दी नसते, किल्ल्याच्या आवारात फुकट कुठवर जाता येतं, विमानतळावरून टॅक्सी न करता गावात कसं यायचं, सगळं मला पाठ झालं होतं. दोघांचे व्हिसा आले आणि प्लांटचं शटडाऊन अलीकडे ओढलं गेलं. शटडाऊन म्हणजे सगळं बंद करून दुरुस्ती. त्यात कोणालाच रजा नसते.

मी घरी येऊन रजा रद्द झाल्याचं सांगितलं. तीही आता जाणार नाही, असं मी धरूनच चाललो होतो. ती कप विसळत होती. म्हणाली, "माझी रजा कोण रद्द करणार?"

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला समोर बसवून समजावायला लागलो. रस्त्यावर कोणाकडून पैसे बदलून घ्यायचे नाहीत. हॉस्टेलच्या कपाटाला आपलं कुलूप लावायचं. ट्रामचं तिकीट या शब्दापाशी पोचलो आणि तिने बॅगेची चेन ओढली. "पुरे रे आता. कॉलेजात असताना मी नाशिकहून एकटी मुंबईला परीक्षेला जायचे. उरलेलं माझं मी बघून घेईन."

उरलेलं म्हणजे हे होतं. तिथे नुसतं तिकीट काढून भागत नाही. दोहाच्या मेट्रोसारखी अडवणारी दारं तिथे नाहीत. ट्राममध्ये एक छोटं पिवळं मशीन असतं, त्यात तिकीट घालून शिक्का उमटवावा लागतो. नाहीतर ते तिकीट नसल्यासारखंच. मला हे पक्कं माहीत होतं, आणि सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "बघ मग." आणि टीव्ही लावला.

ती गेली. फोटो येऊ लागले. बायकांच्या खोलीतला वरचा बंक. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तिने केलेली मुगाची खिचडी, आणि ती खाणारी कोणी कोरियन मुलगी. एका फोटोत ती नदीकाठी नुसती बसली होती. चेहरा असा, की तो मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. प्रत्येक फोटोला मी सूचना पाठवायचो. जॅकेट घाल. बॅग पुढे घे. ती अंगठा पाठवायची. मी घरात येरझारा घालायचो, गाडी काढून समुद्रापर्यंत जायचो आणि न उतरताच परत यायचो. मी कशाची वाट बघत होतो ते मला कळत होतं, पण मनातसुद्धा मी ते उच्चारत नव्हतो.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. ती ट्रामच्या थांब्यावर बसून रडत होती.

"साध्या कपड्यांतले दोघं आले. बिल्ला दाखवला. मी तिकीट दिलं तर म्हणतात चालत नाही, शिक्का नाही. सगळा डबा बघत होता. दंड भरला मी. पण मी काय चोर आहे का रे?"

"परत ये तू," मी म्हटलं. "मी विमानाचं तिकीट बदलतो. आत्ता बदलतो."

हे बोलताना मला बरं वाटत होतं. इथे मला खोटं लिहायचं नाही. ती परक्या गावात रडत होती आणि माझी छाती त्या आठवड्यात पहिल्यांदा मोकळी झाली होती.

तिने नाक ओढलं. "नको. दुसरी ट्राम येतेय. लोक काय करतात ते बघते." फोन बंद झाला. सहल पुरी करूनच ती परतली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी दोहाच्या बिन महमूद भागात मित्राकडे जेवायला गेलो. माझ्याच गावचा मित्र. त्याने प्रागचा विषय काढला आणि ती रंगून सांगायला लागली. बिल्ला दाखवणाऱ्याची नक्कल केली. हसून हसून मित्राच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"यांना प्रागचा दगड न् दगड पाठ," ती म्हणाली. चारचौघांत ती मला 'हे' म्हणते. "नेमकं तेवढं मशीनच माहीत नव्हतं."

"वहिनी, हा गेला असता तर त्या मशीनला तेलपाणी करून आला असता," मित्र म्हणाला.

"माहीत होतं," मी म्हटलं.

"आता सांगतोय," मित्र हसला.

"नाही, खरंच. आदल्या दिवशीच माहीत होतं. मी सांगितलं नाही."

 मग मित्राच्या बायकोने श्रीखंडाचं भांडं उचललं. "कोणाला हवंय अजून?"

"मला वाढा," माझी बायको म्हणाली.

परतताना वाटेतलं वकरा गाव मागे पडलं. मग ती म्हणाली, "चहा घेऊ." टपरीसमोर गाडीतच आम्ही करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, घेतला. उन्हात काच तापली होती.

"मी फोनवर रडत होते, तेव्हा तुला काय वाटलं?"

मी सांगितलं. जसं वाटलं तसं.

तिने चहावर फुंकर घातली. "ट्राममध्ये सगळे बघत होते ना, तेव्हा मला वाटलं होतं, हा आत्ता असायला हवा होता."

 तिने कप संपवला.

"ऑक्टोबरमध्ये मी लिस्बनला जाणार आहे. यायचं असेल तर ये. तिकिटं माझ्याकडे राहतील."

रजेचा अर्ज मी दिलाय. मंजुरी यायची आहे. लिस्बनचा एकही व्हिडिओ बघायचा नाही असं ठरवलंय. जेवण झालं की हात फोनकडे जातो. मग मी उठतो आणि भांडी विसळायला घेतो.