माझा विरोध लिहून घ्या

बैहरकडून आलेल्या बसच्या कंडक्टरने दारातूनच सांगितलं, "गुरुजी, तुमची इंदूबाई गेली. काविळीनं." लालबर्ऱ्याच्या स्टँडवर मी नुसता उभा राहिलो... बस सिवनीकडे निघूनही गेली. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती तिने. तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, "इंदू मेश्राम मोठी शांत बाई होती हो." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. इंदू शांत नव्हती. ती स्वतः गप्प बसली नाही आणि तिने इतरांनाही बसू दिलं नाही. मेलेल्या माणसाला गुळगुळीत करून टाकायची आपल्याला खोड आहे. इंदूच्या बाबतीत मी ती चालू देणार नाही.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. तिचे वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत मजूर. ती तिथून सायकलने यायची आणि मागून शेरे आले की घंटी आणखी जोरात वाजवायची. दुसऱ्या वर्षी ती छात्रसंघाची सचिव झाली, मी वर्गप्रतिनिधी. त्याआधी सभा म्हणजे दहा मिनिटांचा कार्यक्रम असे. प्राचार्य ठराव वाचायचे, "किसी को आपत्ति?" म्हणजे कुणाची हरकत आहे का, असं विचारायचे, आम्ही आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायचो, वहीत 'सर्वसम्मति से पारित' लिहिलं जायचं आणि चहा यायचा. इंदूने पहिल्याच सभेत क्रम उलटा केला. दाराजवळ बसलेला आधी बोलणार, अध्यक्ष शेवटी. एकदा बोललेल्याने सगळ्यांचं झाल्याशिवाय पुन्हा तोंड उघडायचं नाही. आम्ही खेड्यातली मुलं सभेतल्या हिंदीला बिचकायचो. आम्हाला ती म्हणायची, "घरच्या बोलीत बोला ना. अन् काहीच नाही सुचलं तर 'मले समजलं नाही' एवढंच म्हणा. मी तेही लिहून घेईन." आणि खरंच नावापुढे 'समजले नाही' असं लिहायची. चहा थंड व्हायचा, शहरातली मुलं वैतागायची. पण तिसऱ्या सभेपर्यंत 'समजलं नाही' म्हणणारे 'पटलं नाही' म्हणायला लागले होते.

त्याच हिवाळ्यात कॉलेज सकाळी सातला भरवायचा ठराव आला. आमच्या लालबर्ऱ्याची पहिली बस साडेनऊला पोचायची. म्हणजे बसने येणाऱ्यांची हजेरी भरणार नव्हती, आणि हजेरी नाही तर परीक्षा नाही. बोलायला हवं होतं मी. पण प्राचार्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझी दातखीळच बसली. "सर्वसम्मति लिखो," ते म्हणाले. इंदूने पेन खाली ठेवलं.

"सर, ये चुप हैं. सहमत नहीं हैं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वसंता, काहून गप्प आहेस? परीक्षा तुही आहे का माही?"

मी उठलो. बसची वेळ सांगितली, तीही आपल्या बोलीत, कापत्या आवाजात. माझ्यामागून आणखी सहा जण बोलले आणि ठराव पडला. मी बी.ए. झालो तो त्या दुपारच्या सभेमुळे.

आता पुढचं लिहितो, कारण ते न लिहिलं तर हा लेख खोटा ठरेल. पंधरा दिवसांनी इंदू आईच्या आजारपणामुळे घरी असताना घाईने सभा बोलावण्यात आली. "सचिव उद्दंड है," म्हणजे उर्मट आहे, असं म्हणत प्राचार्यांनी तिला पदावरून काढायचा ठराव वाचला आणि विचारलं, "किसी को आपत्ति?" मी पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिलो. ठराव सर्वसंमतीने मंजूर झाला. त्या सर्वसंमतीत मी आहे.

दुसऱ्या दिवशी ती सायकल हातात धरून माझ्यासोबत बसस्टँडपर्यंत चालत आली. भांडेल असं वाटलं. "माह्या वक्ताले 'मले समजलं नाही' एवढं तरी म्हणाचं होतं रे," इतकंच म्हणाली. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही. त्यानंतरही आमची मैत्री टिकली, यात मोठेपणा तिचा, माझा काहीच नाही.

पुढे ती बैहरला शाळेत शिक्षिका झाली. पालकसभेतही तिची तीच रीत. दाराजवळच्यांपासून सुरुवात आणि प्रत्येकाचं म्हणणं एका जाड वहीत. अंगठा उठवणाऱ्यांचंसुद्धा.

शोकसभा त्याच शाळेच्या पटांगणात झाली. फोटोसमोर ती वही ठेवलेली होती. बुद्धवंदना झाली. मग मुख्याध्यापक म्हणाले, "आता सर्वांनी दोन मिनिटं मौन पाळावं." सगळे उभे राहिले. मीही मान खाली घातली आणि समोर तेच अंगठे दिसले.

"माझा विरोध आहे," मी म्हणालो. आवाज याही वेळी कापत होता. "हिच्यासाठी मौन नको. बोला. मागून सुरुवात करा."

"गुरुजी, अशी पद्धत नाही," मुख्याध्यापक हळूच म्हणाले.

"तिची होती."

मी वही उचलली, कोरं पान काढलं. पहिल्या ओळीत लिहिलं: वसंता, मौनाला विरोध. शेवटच्या रांगेतून शाळेत पाणी भरणाऱ्या सुगंधाबाई म्हणाल्या, "मले तं समजलं नाही बाप्पा. एवढ्या लवकर काहून गेली बाई?"

मी त्यांचं नाव लिहिलं. नावापुढे लिहिलं: समजले नाही. आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.