तखतावरची देवगिरी

त्या वर्षी होळी झाली आणि बाबांच्या घशाखाली भाकरी उतरेनाशी झाली. आधी ते घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचे. मग आई भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागली, मग पेज, मग पेजेच्या वरचं नुसतं पाणी. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. आधी सावनेरला आणि नंतर नागपुरात त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता. ओरडून ओरडून घसा बसला की गरम पाण्याच्या गुळण्या, एवढाच त्यांचा तोवरचा आजार.

दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला व्हरांड्यात बोलावलं. मी घरात एकुलता एक, तार ऑफिसात नवा लागलेला, लग्न व्हायचं होतं. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, पुढे गेलेला आहे, किरणांचा शेक देऊन पाहू, पण फार आशा ठेवू नका, असं त्यांनी सांगितलं. "पेशंटला सांगायची गरज नाही. धीर सुटतो," असंही म्हणाले. तेव्हा कॅन्सर झालेल्या माणसाला कॅन्सर झालाय हे कुणी सांगत नसे. आई-बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी जाऊन म्हटलं, "साधी गाठ आहे. शेकानं विरघळून जाईन म्हणे."

आईनं तिथल्या तिथं हात जोडले. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चल मंग, रिक्षा पाह्य."

शेक सुरू झाला. आठवड्यातून बरेचदा सकाळी जायचं, दुपारपर्यंत परतायचं. मी ऑफिसात रात्रीची पाळी मागून घेतली. उन्हाळा चढत होता. खिडकीत खसचा कूलर लावला होता, त्यासमोर बाबा खाटेवर पडून असायचे आणि शेजारच्या तखताकडे बघत राहायचे. आल्यागेल्यानं बसावं म्हणून ठेवलेलं ते लाकडी तखत आता रिकामंच असायचं, कारण फारसं कुणी येत नव्हतं.

एक दिवस ते म्हणाले, "आपुन देवगिरी मांडू का गा?"

मला आधी कळलंच नाही. देवगिरीचा वेढा हा त्यांचा आवडता धडा होता. उत्तरेतून घोडदळ अचानक चालून आलं, राजाची फौज युवराजाबरोबर दूर गेलेली, राजा गडावर कोंडला गेला. गडावर धान्याची पोती भरपूर आहेत म्हणून सगळे निर्धास्त. आणि पोती फोडली तर आत मीठ. हे सांगताना ते वर्गात थांबायचे. मी त्यांच्याच शाळेत होतो, मला ते थांबणं माहीत होतं. पण आजवर सगळं फळ्यावर खडूनं. "पोरायले कधी दाखवता नाही आलं," ते म्हणाले. "आता वेळच वेळ आहे."

माझ्या लहानपणच्या दिवाळीतल्या किल्ल्याची चित्रं एका पत्र्याच्या पेटीत होती. मातीचे मावळे, गवळण, भाजीवाली, तराजू घेतलेला वाणी. ती काही पुरणार नव्हती, आणि भर उन्हाळ्यात चितारओळीत किल्ल्याची चित्रं कुठून मिळणार? तिथे एक म्हातारा कारागीर हसला मला. शेवटी सीताबर्डीच्या फूटपाथवरून प्लास्टिकचे शिपाई आणले. पिशवीत कोंबलेले, मोठ्या टोप्या घातलेले, हातात बंदुका धरलेले परदेशी घोडेस्वार. बाबांनी एक उचलून डोळ्यांजवळ नेला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बंदूक नाही पाहिजे. त्या काळी बंदूक नव्हती आपल्याकडे. आन् ही टोपी काप."

मग ब्लेड चिमट्यात धरून स्टोव्हवर तापवायचं आणि टोप्या कापायच्या. जळक्या प्लास्टिकच्या वासानं आई ओरडायची. बंदुका कापल्या की हाताला भोक पाडून त्यात खराट्याची काडी बसवायची, तो भाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी नखानं घासून छातीवर डकवली की चिलखत. आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचे दोरे गुंडाळून पागोटी केली. उत्तरेकडच्यांच्या पागोट्याची ठेवण वेगळी, आपल्यांची वेगळी. बाबा झोपल्या झोपल्या सांगायचे, चुकलं की उलगडायला लावायचे. मातीचे मावळे गडावर राहणार होते, त्यांच्या ढाली फार मोठ्या म्हणून मी त्या कानशीनं घासल्या. त्यातल्या दोन मावळ्यांचे हात तुटले. बाबा म्हणाले, "राहू दे. वेढ्यात असे बी असतेत."

गड तखतावर उभा राहिला. उपडी बादली, तिच्यावर विटांचे तुकडे, वरून चिखलात बुडवलेलं गोणपाट. देवगिरीचा डोंगर उभा तासलेला आहे, म्हणून चिखल वाळल्यावर मी बाजू सुरीनं कापून काढल्या. खालचा खंदक पत्र्याच्या पट्टीचा. पोती वाहून आणायला तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत मिरवतात तसले माझे लाकडी नंदी होते. त्यांची चाकं काढून टाकली आणि पाठीवर चिंध्यांची छोटी पोती बांधली.

एक चित्र मात्र बाबांनी मला करू दिलं नाही. पेटीतला तो वाणी. त्याचा तराजू त्यांनी स्वतः तोडला. उशीला टेकून, सुईच्या टोकानं त्याचे डोळे नव्यानं रंगवले. किती दुपारी गेल्या त्यात. रंग पुसायचे, पुन्हा लावायचे. तो गडावरचा कोठीवाला होता, पोतं फोडणारा.

"सगळ्यात आधी यालेच समजलं," ते म्हणाले. "बाकीचे तटावर लढून राहिले, आन् हा खाली पोत्यापाशी उभा आहे."

आईला हे सारं पसंत नव्हतं. ती गडाजवळ केरसुणीसुद्धा फिरवायची नाही. एक दिवस पेजेची वाटी ठेवता ठेवता म्हणाली, "घरात माणूस आजारी आन् तुमी हारलेली लढाई मांडून राहिले. काहून? जितलेली कोणती नाही का तुमच्या पुस्तकात?"

"आहेत वं," बाबा म्हणाले. "पन त्या सगळ्यायले माहीत आहेत."

"मले नाही आवडत."

"तू गडावर तुळस लाव. मंग चालन?"

तिनं खरंच अंगणातली मंजिरी आणून गडाच्या माथ्यावर खोचली. दुसऱ्या दिवशी ती वाळली, तरी तिनं काढली नाही.

मग वेढा सुरू झाला. दवाखान्यातून आलो की बाबा थोडं पडायचे आणि मला सांगायचे, आज घोडेस्वार खंदकापर्यंत आण. आज शहर लुटलं, खालची घरं मोड. आज तटावरचे दोन काढ. मी सांगतील तसं हलवायचो. गडावरचा एकेक मावळा रोज कमी होत होता, आणि बाबाही. शेकानं घसा आतून भाजला होता. चमचाभर पन्हं गिळायला त्यांना इतका वेळ लागे की आई तोंड फिरवून उभी राही. त्यांना भूक लागत नव्हती असं नाही. लोकांना वाटतं, असल्या आजारात भूकच मरते. त्यांची मेली नव्हती. शेजारी कुणी कांदा भाजला की ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा मला म्हणाले, "काल सपनात वांग्याचं भरीत खाल्लं. पोटभर." आणि मग लाजल्यासारखे हसले.

एका दुपारी त्यांनी आईला मीठ मागितलं. वाटीभर जाडं मीठ. तिनं दिलं आणि ती मागच्या अंगणात कपडे काढायला गेली. बाबांनी मला एक पोतं ब्लेडनं फोडायला सांगितलं, आतल्या चिंध्या काढून मीठ भरायला लावलं, आणि कोठीवाल्याला त्याच्यापुढे ठेवायला सांगितलं. खडे गोणपाटावर सांडले. बाबा बराच वेळ पाहत होते.

"त्यानं राजाले कधी सांगतलं असन गा?"

मी म्हटलं, "लगेच सांगितलं असन. धावत गेला असन."

"नाही." त्यांनी मान हलवली. बोलायला त्रास व्हायचा, प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे. "लगेच नाही सांगत मानूस. तो दुसरं पोतं फोडन. तिसरं फोडन. मंग तिथंच बसन. वर जाऊन काय सांगन तो?" मग म्हणाले, "तू काय सांगतलं आमाले, त्या दिवशी?"

मी गडाकडे बघत राहिलो. हातात ब्लेड होतं.

"मले समजलं होतं," बाबा म्हणाले. "व्हरांड्यातून तू येत होता ना, तवाच. तुह्या पायावरून. मी मास्तर होतो गा, पेपर कसा गेला ते पोराच्या चालीवरून समजते."

मी त्यांच्या खाटेशी खाली बसलो आणि रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही. त्यांच्यात तेवढी शक्ती नव्हती, किंवा त्यांना तसं करावंसं वाटलं नसेल. ते फक्त म्हणाले, "आता शेक बंद कर. लय जळते. काही फायदा नाही त्याचा."

"बाबा, डॉक्टर म्हणाले होते, थोडा फरक…"

"तसं नाही म्हणाले ते. तू म्हणून राहिला." मग म्हणाले, "तुह्या आईले तू सांग. मले नाही जमणार."

आई अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. मी तिथंच सांगितलं, उन्हात उभं राहून. तिनं हातातलं धोतर घडी करत करत ऐकलं. घडी पूर्ण झाल्यावर ती पुन्हा मोडली आणि पुन्हा घालायला लागली. मग म्हणाली, "आन् मी रोज देवाले दिवा लावून राहिली का गाठ विरघळू दे म्हून." एवढंच.

संध्याकाळी ती आत गेली आणि बाबांच्या खाटेच्या काठावर बसली. मी दारात होतो.

"शेक बंद नाही करायचा," ती म्हणाली.

"किल्ला खाली करून द्यावा लागते," बाबा म्हणाले. "दाणाच नाही तं काय करन मानूस?"

"मी नाही देत." तिनं तखतावरचे उरलेले मावळे उचलले, कडेला पाडून ठेवलेलेसुद्धा, आणि एकेक करून पुन्हा तटावर उभे केले. तुटक्या हातांचे, ढाली घासलेले, सगळे. एक उभा राहीना, तर त्याला मंजिरीच्या वाळक्या काडीचा टेकू दिला. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी तिला अडवलं नाही आणि ते मावळे नंतर खाली उतरवायलाही मला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली तेव्हा ते उठले नाहीत. रिक्षावाला थोडा थांबला, मग गेला. आई दारात उभी राहून ती रिक्षा वळणाआड जाईपर्यंत पाहत होती.

त्यानंतर तखतावर काहीच हललं नाही. घोडेस्वार खंदकाशी, मावळे तटावर, फोडलेलं पोतं तसंच. मिठाला पाणी सुटावं एवढा ओलावा त्या हवेत नव्हता. चिखल वाळून भेगाळला आणि गडाची एक बाजू निखळून पडली, ती मी उचलून टाकली. बाबा बहुतेक वेळ डोळे मिटून असायचे. मला वाटायचं, ते काही सांगतील, निदान लढाई संपवून टाक असं तरी म्हणतील. नाही म्हणाले. एकदा डोळे उघडून त्यांनी पाणी मागितलं. मी कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले केले. ते बोळा चोखायला लागले, लहान मुलासारखे, आणि मला तो त्यांच्या तोंडातून ओढून काढावा लागला, कारण घोट उतरत नव्हता, ठसका लागत होता. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी कुणाला सांगितलेली नाही. त्या नजरेत माया वगैरे काही नव्हतं. हातचं काढून घेतलं याचा राग होता.

उन्हाळा संपायच्या आत ते गेले. सकाळची वेळ होती, नळाला पाणी आलं होतं, आई बाहेर भांडी भरत होती. मी तिला हाक मारली.

सावनेरकडच्या नातेवाइकांना तार करायला मी माझ्याच ऑफिसात गेलो. माझ्या जागेवर बसलेल्या सहकाऱ्यानं माझ्या हातातला कागद घेतला, वाचला आणि शब्द मोजायच्या ऐवजी उठून उभा राहिला. परत आलो तोवर माणसं जमली होती. त्यांना बसायला जागा हवी, म्हणून कुणीतरी तखत रिकामं केलं होतं. गोणपाट, विटा, घोडेस्वार, नंदी, सगळं एका टोपल्यात भरून मागच्या भिंतीशी ठेवलं होतं. नातेवाइकांची पोरं पुढचे दिवस त्यातले शिपाई काढून अंगणात खेळली. गावाला परतताना कुणी काय नेलं, मी पाहिलं नाही. डोळे रंगवलेला कोठीवाला टोपल्यात नव्हता. मी अंगणात शोधला, नालीतही पाहिलं. मातीचाच होता, कुणाच्या पायाखाली गेला असेल.

पुढे अनेकांनी मला म्हटलं, वडिलांजवळ बसायला मिळालं, शेवटचे दिवस त्यांच्या आवडीचं काही करता आलं, हे नशीब. मी मान हलवतो. मला तसं कधी वाटलं नाही. त्या लढाईनं त्यांचं एक दुखणं कमी झालं नाही. आम्ही तिघं एका खोलीत होतो आणि तिघंही एकेकटे होतो. आधी माहीत नसल्याचं सोंग होतं म्हणून, आणि नंतर माहीत झाल्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून.

तेरवी झाली, पाहुणे गेले. त्या संध्याकाळी आईनं वरणाला लसणाची फोडणी घातली. बाबा आजारी पडल्यापासून तिनं घरात फोडणी घातली नव्हती, वासानं त्यांचा जीव कासावीस व्हायचा म्हणून. लसूण तडतडला, वास पार पुढच्या खोलीपर्यंत गेला. आई पळीकडे बघत थांबली. मला वाटलं, आता ती चूल विझवेल. पण तिनं दोन ताटं वाढली. आम्ही समोरासमोर बसलो आणि जेवलो. दोघांनाही फार भूक लागली होती. आईनं मला पुन्हा भात वाढला, स्वतःलाही घेतला, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत आम्ही पानावरून उठलो नाही.