गच्चीवरची राखण

गेवराईत वनमालाला बरेच जण ‘धुळीवाली बाई’ म्हणूनच ओळखत. महामार्गाला लागून असलेल्या नगर परिषदेच्या शाळेच्या गच्चीवर एक यंत्र होतं. वर पत्र्याची टोपी, आत मोटर. ते हवा ओढायचं आणि हवेतली बारीक धूळ एका पांढऱ्या कागदावर धरायचं. तो कागद लावणं, काढणं, पाकिटात बंद करून संभाजीनगरच्या प्रयोगशाळेला पाठवणं हे वनमालाचं काम. तिथं कागद तोलला जाई आणि गावाची हवा कशी आहे ते ठरे. काम कंत्राटी होतं. पण नवरा वारल्यावर हाताशी आलेलं ते एकच काम, म्हणून तिनं ते घट्ट धरून ठेवलं होतं.

तिचे वडील तात्याबा उमापूरचे. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे दुखायला लागल्यावर मेंढरं पुतण्याच्या हवाली केली आणि लेकीकडं येऊन राहिले. त्यांना या यंत्राचं भारी हसू येई.

“धूळ काय मोजायची चीज हाय का? डोळ्यात जाती, तवा कळतीच की.”

वनमाला हसून सोडून देई. एक गोष्ट मात्र ती त्यांच्याशीही कधी बोलली नव्हती. यंत्र सोमवारी आणि गुरुवारी चालायचं, आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं. त्या दोन दिवशी शाळेसमोरचा खडी क्रशर ‘दुरुस्तीसाठी’ बंद असायचा. वाळूचे हायवा, म्हणजे मोठे टिप्पर, मागच्या रस्त्यानं जायचे. सकाळीच टँकर येऊन शाळेपुढचा रस्ता भिजवून जायचा. क्रशर, हायवा, टँकर, सगळं विजयसिंहाचं. त्या भागात त्याच्याच शब्दाला वजन होतं. मंगळवारी पुन्हा धुळीचे लोट उठत. वनमाला बघायची आणि गप्प बसायची.

मग आरोही आजारी पडली. वनमालाची ही एकुलती एक लेक त्याच शाळेत तिसरीत होती. दिवाळीनंतर खोकला सुरू झाला तो थांबेचना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर योगिता यांनी छाती तपासली, पंप कसा ओढायचा ते शिकवलं आणि म्हणाल्या, “दमा आहे. हिला धुळीपासून लांब ठेवा.”

“शाळाच धुळीत हाय, मॅडम. लांब कुठं नेऊ?”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “त्या शाळेतली कितीतरी लेकरं माझ्याकडे येतात. मी वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं, तिथली हवा मर्यादेत आहे. यंत्रच तसं सांगतंय म्हणे.”

ते कागद तिनंच तर पाठवले होते.

घरी आल्यावर तिनं प्रयोगशाळेच्या हरिओमला फोन लावला. तो तिचा साहेब, वयानं लहान, स्वभावानं भित्रा.

“सर, यंत्राचा वार बदला.”

तिनं सगळं सांगितलं.

“बुधवारी लावा,” तो म्हणाला. “वार बदलायला नियमाची आडकाठी नाही. पण आधी कुणाला सांगू नका. आणि ताई, काही झालं तर तिथं तुम्ही एकट्याच असाल. मी इतक्या लांबून काय करणार?”

बुधवारी सकाळी तिनं कागद लावला आणि मोटर चालू केली. समोर क्रशर धडधडत होता. हायवा एकामागं एक येत होते, ताडपत्री कुणावरच नव्हती. गच्चीच्या कठड्यावर बोट फिरवलं तरी रेघ उमटत होती. वनमाला तिथंच बसून राहिली. खाली प्रत्येक गाडी थांबली की ती कठड्यावरून वाकून बघत होती.

दुपारच्या सुट्टीत जिन्यावर चपला वाजल्या. विजयसिंहाचा माणूस रामेश्वर वर आला.

“आज बुधवार हाय ना?”

“हाय.”

“मग हे कावून चालू हाय?”

“साहेबांनी सांगितलंय.”

“बंद कर.”

“न्हाई करता येत, भाऊ. संध्याकाळी कागद काढायचा हाय.”

रामेश्वर यंत्राभोवती एक फेरी मारून वायर कुठून येते ते बघून आला. “दोन पोरं घिऊन येतो,” तो म्हणाला. “तवर इचार कर. लेकीबाळीची बाई हायस.”

तो खाली उतरला आणि तेवढ्यात अंगणातून अंजूबाईंची हाक आली. त्या आरोहीच्या वर्गशिक्षिका.

“वनमालाताई! लवकर या, आरोहीला बघा!”

वनमाला जिना कशी उतरली ते तिचं तिला कळलं नाही. आरोही व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. खांदे वर-खाली होत होते, ओठ निळसर पडले होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पंप ओढून झाला होता, उतार पडत नव्हता. वनमालानं तिला उचललं आणि फाटकाकडं धाव घेतली. तिथं तात्याबा उभे होते, नातीचा डबा हातात घेऊन.

गच्चीवर मोटरीची घरघर चालूच होती. एका क्षणापुरती वनमाला थांबली.

“आबा, वर जा. त्या यंत्राला कुणाला हात लावू देऊ नका.”

“आन पोरगी?”

“मी नेते. तुमी जा!”

रिक्षा चौकात अडकली. पुढं वाळूचा हायवा आडवा होता. वनमाला लेकीची पाठ चोळत राहिली आणि ‘हळूहळू घे, हळूहळू’ एवढंच म्हणत राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी काही न विचारता आरोहीच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि त्यावरच्या आकड्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हटवायची वनमालाची हिंमत होत नव्हती.

फोन वाजला. विजयसिंह स्वतः बोलत होता, अगदी मऊ आवाजात.

“ताई, वडील तुमचे वर बसलेत. म्हातारं माणूस, ऊन लागंल. खाली बोलवून घ्या.”

“दादा, मी दवाखान्यात हाय. माझ्या पोरीला श्वास घेता येईना. आत्ता मला दुसरं काई सांगू नका.”

“पोरगी व्हईल बरी. पण तुमच्या कामाचं मग मला बोलावं लागंल.”

“बोला,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तो बाकड्यावर उपडा टाकून ती आरोहीजवळ जाऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी मान डोलावली. शिट्टी थांबली होती, ओठांना रंग आला होता. “आज रात्री इथंच राहू दे. पण धोका टळला.”

आरोहीला सिस्टरच्या हवाली करून वनमाला शाळेकडं पळाली. शाळा सुटली होती. फाटकाबाहेर टँकर उभा होता, रस्ता भिजलेला. पोरांना न्यायला आलेल्या बाया घरी न जाता अंगणातच थांबल्या होत्या. यंत्राची वीज जिथून बंद करता येई त्या खोलीला कुलूप लावून अंजूबाई दारात उभ्या होत्या, किल्ली मुठीत. रामेश्वर टँकरला टेकून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. त्यानं वनमालाकडं बघितलं, पण अडवलं नाही.

ती जिना चढली. मोटर चालू होती. यंत्रापासून हातभर अंतरावर तात्याबा मांडी घालून बसले होते. डोक्याचं मुंडासं सुटलेलं, सदरा खांद्यावर फाटलेला.

“पोरगी?”

“बरी हाय, आबा.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग म्हणाले, “वायर कापाय आलते. म्या वायरीवरच बसलो. वढलं, शिव्या देल्या. म्हणलं, कापा, पर म्या काई उठत न्हाई. खालून बाया वरडाय लागल्या, तवा गेले.”

वेळ झाल्यावर वनमालानं मोटर बंद केली आणि कागद काढला. इतका काळा कागद तिच्या हातातून आजवर गेला नव्हता. पाकीट बंद करताना जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. दोघंही दचकून उठले. हरिओम होता. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. त्यालाही बहुतेक वाटलं नसावं. त्यानं पाकिटावर सही केली, पाकीट छातीशी धरलं आणि गाडीकडं गेला.

आकडा मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. डॉक्टरांनी तो आपल्या पत्राला जोडून पुन्हा वर पाठवला. या वेळी माणसं तपासणीला आली. क्रशर बंद झाला, पुढं चारी बाजूंनी पत्रे आणि पाण्याचे फवारे बसवून पुन्हा सुरू झाला. हायवांवर ताडपत्री दिसायला लागली. सगळ्यांवर नाही, पण बऱ्याच. यंत्राचा वार आता आधी कुणालाच कळत नाही.

मार्चमध्ये वनमालाचं कंत्राट पुढं चालू ठेवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आता ती एका रोपवाटिकेत कामाला जाते.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं आरोहीला वर्षभरासाठी उमापूरला ठेवलंय. तिच्यासंगं तात्याबाही गेले. घर रिकामं झालं. दर रविवारी वनमाला एसटीनं जाते. आरोही माळावर कोकरामागं धावत सुटते, आणि वनमाला जागची हलत नाही. ती पोरीच्या छातीकडं बघत राहते. पोर परत येऊन, धापा न टाकता, “आये, पानी दे” म्हणते तेव्हा कुठं ती खाली बसते.