शंभर ओहमचा अबोला

कारखान्यात त्यांना सगळे ‘शंभर ओहम’ म्हणत. इथरनेटचा वेगवान सिग्नल एका बोर्डावरून दुसऱ्यावर पोचला की शेवटी शंभर ओहमचा रेझिस्टर हवाच, नाहीतर सिग्नल आपटून मागे फिरतो, हे ते भेटेल त्याला ऐकवत. माणूस गुणी, पण हट्टी असा की विचारू नका.

दुसरा बोर्ड शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा. दोघांत तीन वर्षं अबोला, कारण एक खिडकी! सोल्डरच्या धुरानं बाई गुदमरत, म्हणून त्यांना ती उघडी हवी. तिळाएवढे पार्ट उडतात म्हणून यांना बंद. निरोप स्टोअरच्या मावशी नेत. मावशी म्हणजे दोन बोर्डांमधला कपॅसिटरच: साचलेला राग अलीकडे अडवायचा, कामाचं तेवढं पलीकडे सोडायचं. “त्या बयेला सांगा, डोळे उघडून पिना जोडा” हे तिकडे “पिना एकदा बघून घ्या म्हणतात” होऊन पोचे.

आज शंभर ओहम निवृत्त होणार होते. चार वाजता साहेब त्यांचा शेवटचा बोर्ड बघणार, आणि दोन बोर्डांची जोडणी जुळल्याचा हिरवा दिवा काही लागेना. नाही लागला तर बोर्ड भंगारात, आणि सत्काराला कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

तपासणीच्या स्क्रीनवर सिग्नल निम्माच दिसला. म्हणजे रेझिस्टर दोन! एक बाईंचा, योग्य जागी, सिग्नल पोचतो त्या टोकाला. दुसरा त्यांचाच, ‘ही बाई विसरणार’ म्हणून आपल्या बोर्डावर गुपचूप लावलेला. त्यांनी तो मुकाट्यानं काढला. तरी दिवा नाहीच, आता सिग्नल आपटून परत येऊ लागला.

मावशी स्टोअरला कुलूप लावून चहाला गेलेल्या. झक मारत त्यांनी तोंड उघडलं.

“बाई, तुमचा रेझिस्टर आहे ना जागेवर?”

“काढला. दोन झालेत हे कळलं. म्हटलं, तुम्ही काही हटणार नाही.”

“मग लावा परत!”

बाईंनी मान खाली घालून खिडकीकडे बोट केलं. “वाऱ्यानं गेला.”

तीन वर्षं जपलेलं वाक्य ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि चिमट्यात आपला रेझिस्टर धरून पुढे केला.

“आधी खिडकी लावा,” बाई म्हणाल्या. “उडेल.”

बंद खोलीत खोकत खोकत बाईंनी त्यांचा रेझिस्टर आपल्या बोर्डावर बसवला. चारला पाच कमी असताना हिरवा दिवा लागला. शंभर ओहम उठले आणि त्यांनी खिडकी सताड उघडली.

तेवढ्यात मावशी आल्या. बाई सवयीनं म्हणाल्या, “मावशी, यांना सांगा, सोमवारपासून यांची आठवण येईल.”

“तुम्हीच सांगा की,” मावशी म्हणाल्या. “हातभर अंतरावर तर उभे आहेत.”

बाईंनी सांगितलं.